एचआयव्ही चाचणीवरचा पैसा कुठवर पोचतो?

दर वर्षी १ डिसेंबरच्या आसपास वर्तमानपत्राच्या जिल्हा पुरवणीत एक बातमी हमखास येते. जागतिक एड्स दिनानिमित्त अमुक महाविद्यालयात शिबिर झाले, चारशे विद्यार्थ्यांची मोफत तपासणी करण्यात आली आणि एकही जण बाधित आढळला नाही. खाली मान्यवरांची नावे, वर फोटो. एकही बाधित नाही ही आनंदाचीच गोष्ट. पण चारशे किट, तंत्रज्ञाचा आणि समुपदेशकाचा अख्खा दिवस, गाडीचे डिझेल एवढा सरकारी खर्च त्यासाठी झाला. तो कारणी लागला की वाया गेला? आणि याच्या उलट, एखाद्या केंद्रात शंभर चाचण्यांमागे दहा जण बाधित निघाले, तर ते केंद्र चांगले काम करते आहे असे समजायचे, की त्या भागात साथ हाताबाहेर चालली आहे असे?

या प्रश्नांची उत्तरे वाटतात तेवढी सरळ नाहीत, आणि त्यावर बरेच पैसे अवलंबून आहेत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा २०२१ ते २०२६ अशा पाच वर्षांचा. त्यासाठी केंद्र सरकारने १५,४७१ कोटी रुपयांची तरतूद केली. पूर्वीच्या टप्प्यांत जागतिक बँकेसारख्यांच्या कर्जाचा आणि मदतीचा मोठा वाटा असे, आता बहुतेक भार आपल्याच तिजोरीवर आहे. या पैशातून प्रतिबंधाची कामे चालतात, औषधे येतात, रक्तपेढ्यांवर देखरेख होते. चाचणी हा त्यातला एक भाग, पण उपचाराचा दरवाजा तिथूनच उघडतो. म्हणून चाचणीवरच्या खर्चाचा हिशेब नीट मांडता आला पाहिजे.

एका चाचणीमागे काय काय असते

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात गेलात तर बाह्यरुग्ण विभागाच्या एका टोकाला लाल रिबिनीचे चित्र लावलेली खोली दिसते. सरकारी भाषेत हे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. तिथे काम करणारे सगळे ‘आयसीटीसी’ म्हणतात. आत एक समुपदेशक, एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, एक कुलूपबंद कपाट आणि जाडजूड नोंदवह्या. येणाऱ्याला एक क्रमांक मिळतो. चाचणी कशासाठी आणि निकालाचा अर्थ काय हे समजावून सांगितले जाते, संमती घेतली जाते, मग रक्त. किटवर रक्ताचा थेंब आणि द्रव टाकला की काही मिनिटांत एक रेघ उमटते. ही रेघ फक्त किट ठीक चालले आहे एवढेच सांगते. तिच्या शेजारी दुसरी उमटली, तर विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे रक्तात असावीत असा अर्थ. पण तेवढ्यावर कुणालाही ‘बाधित’ म्हणत नाहीत. वेगळ्या बनावटीच्या आणखी दोन किटवर तेच रक्त तपासतात. तिन्ही एकमताने बोलली तरच निदान पक्के.

यात किट हा खर्चाचा छोटा भाग. पगार, खोली, प्रशिक्षण, वाहतूक हा मोठा भाग, आणि तो दिवसात पाच माणसे आली काय किंवा पन्नास आली काय, जवळपास तेवढाच राहतो. साहजिकच ज्या केंद्रात गर्दी कमी, तिथे एका चाचणीचा खर्च जास्त दिसतो. मग आढावा बैठकीत साहेब विचारतात, “उद्दिष्टाच्या साठच टक्के? मार्चपर्यंत भरून काढा.” केंद्र शिबिरे घेते, चाचण्या दुप्पट होतात, प्रति चाचणी खर्च निम्मा होतो आणि तक्त्यावर कार्यक्षमता वाढलेली दिसते. पहिली फसगत इथेच होते.

स्वस्त चाचणी, महाग निदान

थोडे आकडे मांडून पाहू. हे आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण त्यांचे आपसातले प्रमाण वास्तवाला धरून आहे.

देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे, म्हणजे हजारात दोन. सरसकट १०,००० लोकांची तपासणी केली आणि प्रत्येक चाचणीला सगळे धरून २०० रुपये पडले, तर खर्च २० लाख. या दहा हजारांत साधारण २० जण बाधित असतील. पण आज बाधितांपैकी पाचातल्या चौघांना आपली स्थिती आधीच माहीत असते. उरले चार. म्हणजे नव्याने कळलेल्या एका माणसामागे ५ लाख रुपये.

दुसरीकडे, आधी निदान झालेल्यांचे जोडीदार आणि ज्यांना संसर्गाचा धोका जास्त आहे अशा वस्तीतले लोक मिळून ४०० जणांची तपासणी केली. इथे कार्यकर्त्याला संध्याकाळी जावे लागते, विश्वास मिळवायला तीन-चार फेऱ्या होतात. म्हणून एका चाचणीला ८०० रुपये धरू. खर्च ३ लाख २० हजार. शंभरात पाच नवे सापडले तर एकूण २०. एका माणसामागे १६,००० रुपये. चाचणी चौपट महाग आणि निदान तीसपट स्वस्त! शंभरात पाच हे गृहीतक हवेतले नाही. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत इंजेक्शनने नशा करणाऱ्यांमध्ये संसर्गाचे प्रमाण सुमारे ९ टक्के, तृतीयपंथीयांत पावणेचार टक्क्यांच्या आसपास आणि समलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत तीन टक्क्यांहून अधिक आढळले होते.

सरसकट तपासणीत आणखी एक अडचण लपलेली असते. समजा एखादे किट निरोगी शंभर माणसांपैकी ९९ जणांना बरोबर ‘निरोगी’ म्हणते आणि एकाला चुकून ‘संशयित’. ऐकायला उत्तम किट. पण वरच्या दहा हजारांत निरोगी ९,९८० आहेत, त्यांतले जवळपास १०० जण चुकून संशयित ठरतील. खरे बाधित २०. म्हणजे पहिल्या किटवर दुसरी रेघ उमटलेल्या १२० जणांपैकी खरा बाधित सहात एकच. जिथे मुळातच दहा टक्के लोक बाधित आहेत अशा दहा हजारांच्या गटात हेच किट वापरले तर १,००० खरे आणि ९० चुकीचे, म्हणजे बहुतेक निकाल खरे. किट तेच, तंत्रज्ञ तोच. माणसे कोण आहेत यावर निकालाचा भरवसा बदलला. तीन किटांचा नियम यासाठीच आहे. ज्या शंभर जणांच्या काळजात उगाच धस्स झाले, त्यांची समजूत घालण्यात गेलेला समुपदेशकाचा वेळ मात्र कोणत्याच तक्त्यात येत नाही.

छेद चुकला की सगळे चुकते

‘बाधितांपैकी पाचातल्या चौघांना माहीत आहे’ हे वाक्य मी वर सहज लिहिले. पण ज्यांना माहीत नाही ते किती, हे कुणाला कसे कळले? सापडलेले मोजता येतात, न सापडलेल्यांचा अंदाजच करावा लागतो. आणि अंदाज किती चुकू शकतो याचा धडा भारताने २००७ मध्ये घेतला.

तोवर देशात ५० लाखांहून अधिक बाधित असल्याचे मानले जात होते. हा अंदाज मुख्यतः सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर स्त्रिया आणि गुप्तरोगाचे रुग्ण यांच्या रक्तनमुन्यांवर बेतलेला होता. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदा घरोघरी जाऊन, संमतीने, एक लाखाहून अधिक सर्वसाधारण स्त्री-पुरुषांचे रक्त तपासले गेले. प्रमाण निघाले ०.२८ टक्के. पाहणी केंद्रांची संख्या वाढवून आणि हे नवे आकडे मिळवून अंदाज पुन्हा मांडला, तेव्हा तो २५ लाखांवर आला, म्हणजे निम्म्यावर.

साथ एका रात्रीत ओसरली नव्हती. मोजण्याची पट्टी बदलली होती. पण कार्यक्रमाच्या प्रगतिपुस्तकावर त्याचा परिणाम लगेच दिसतो. दहा लाख लोक शोधून काढले असतील तर ५० लाखांच्या हिशेबाने काम २० टक्के झाले, २५ लाखांच्या हिशेबाने ४० टक्के. म्हणून टक्केवारी ऐकली की छेद कुठून आला हे विचारावे. चाचणी केंद्रात आपणहून येणाऱ्यांमधले बाधितांचे प्रमाण हे काही गावातले प्रमाण नसते. धोका वाटला म्हणून येणारे, डॉक्टरांनी पाठवलेले, शस्त्रक्रियेआधी आलेले असे ते खास लोक असतात. शिवाय दुसऱ्या शहरात गेल्यावर किंवा निकाल बदलेल या आशेने आधीचाच रुग्ण पुन्हा तपासून घेतो आणि वेगळ्या क्रमांकामुळे ‘नवा’ म्हणून नोंदला जातो.

टेलपर्यंत पाणी

कालव्यावरच्या शेतकऱ्याला धरणातून किती क्युसेक पाणी सोडले हे सांगून उपयोग नसतो. मुख्य कालव्यात पाझर, वितरिकेत गळती, चारीवर कुणीतरी बांध घातलेला. टेलच्या शेतात किती पोचले, त्यावर त्याचे पीक. चाचणीच्या कार्यक्रमाचे तसेच आहे. बाधित माणूस, मग निदान, मग एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रात नोंदणी आणि औषध सुरू, मग औषधात सातत्य, आणि शेवटी रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी होणे. शेवटच्या टप्प्यावर पोचलेला माणूस स्वतः निरोगी आयुष्य जगतो आणि लैंगिक संबंधातून दुसऱ्याला संसर्गही देत नाही. सरकारी पैशाचे खरे पीक ते.

जगाने यासाठी ‘९५-९५-९५’ हे लक्ष्य ठेवले. बाधितांपैकी ९५ टक्क्यांना निदान माहीत असावे, त्यांच्यापैकी ९५ टक्के उपचारावर असावेत, आणि उपचारावरच्यांपैकी ९५ टक्क्यांचा विषाणू आटोक्यात असावा. भारताचे २०२३-२४ चे आकडे आहेत ८१-८८-९७. तिसरा आकडा पाहून छाती फुगते, पण तिन्ही एकापाठोपाठ गुणून पाहा. शंभर बाधितांपैकी निदान ८१ जणांना, औषध सुमारे ७१ जणांना, विषाणू आटोक्यात सुमारे ६९ जणांचा. सगळ्यांत मोठी गळती पहिल्याच दारावर आहे. २०२३ च्या अंदाजानुसार देशात २५ लाख ४४ हजार बाधित. त्यांच्यातले १९ टक्के म्हणजे पावणेपाच लाखांवर माणसे, ज्यांना आपल्याला काय झाले आहे हे ठाऊकच नाही. बाधितांची संख्या सर्वाधिक असलेले राज्य महाराष्ट्रच आहे.

चाचणीचे मोलही काळानुसार बदलत गेले, हे इथे सांगायला हवे. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देशातले पहिले रुग्ण शोधले, तेव्हा निदानानंतर देण्यासारखे हाती काही नव्हते. सरकारी दवाखान्यांत मोफत औषधे १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली, तीही आठ रुग्णालयांत, मुंबईचे जे. जे. त्यातले एक. पुढेही बरीच वर्षे प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी ठरावीक पातळीखाली घसरेपर्यंत औषध सुरू होत नसे. धडधाकट माणसाला ‘बाधित आहात, पण सध्या घरी जा’ असे सांगितले की तो पुन्हा फिरकत नसे. २०१७ पासून धोरण बदलले. निदान झाले की औषध सुरू. त्या दिवसापासून प्रत्येक निदानाचे मोल वाढले, किट मात्र तेच राहिले.

> चौकट : आपल्या जिल्ह्याचे आकडे वाचताना
>
> ‘इतक्या चाचण्या केल्या’ या ओळीपुढे हे विचारा.
> – बाधित निघालेल्यांपैकी खरोखर नवे किती, आधीच माहीत असलेले किती?
> – नव्यांपैकी महिनाभरात औषध सुरू झालेले किती?
> – निदानाच्या वेळी सीडी४ पेशी २०० च्या खाली घसरलेले किती? हा आकडा मोठा असेल तर कार्यक्रम माणसांपर्यंत फार उशिरा पोचतो आहे.
> – वर्षभरानंतर विषाणू आटोक्यात असलेले किती, आणि अशा एका माणसामागे खर्च किती?

गरोदर मातांचे गणित वेगळे

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग जिथे बाधित जास्त सापडतात तिथेच तपासा, बाकी बंद करा. हे मात्र घातक ठरेल. सर्वांत कमी बाधित सापडूनही जी चाचणी कधीच थांबवू नये, ती गरोदर स्त्रियांची.

देशात वर्षाला तीन कोटींच्या आसपास गर्भधारणा होतात आणि त्यांत बाधित माता सुमारे वीस हजार. दहा हजारांत सात. निव्वळ ‘किती सापडले’ या पट्टीने ही चाचणी सपशेल नापास. पण उपचार न मिळाल्यास बाधित आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, वेळेवर उपचार मिळाले तर ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. दहा हजार चाचण्यांत सापडलेल्या त्या सात जणींमुळे साधारण दोन बाळे जन्मभराच्या आजारातून सुटतात, आणि सातही आया उपचारावर येतात.

दुसरे असे, की गरोदर बाई हिमोग्लोबिनसाठी, रक्तगटासाठी रक्त देणारच असते. आरोग्य उपकेंद्रातली एएनएम ताई तिथेच बोटातून थेंब घेऊन एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही तपासू शकते. वेगळी खोली, वेगळी गाडी लागत नाही. त्यामुळे इथे सरासरी खर्च धरून चालत नाही, वाढीव खर्च तेवढाच धरावा लागतो. समजा तो १०० रुपये आहे. दहा हजार चाचण्यांना १० लाख; एका बाळामागे ५ लाख. हा खर्च करावा की नाही यावर मला वाद घालावासा वाटत नाही. करायलाच हवा.

पण इथेही पैसा टेलपर्यंत पोचला की नाही हे कळायला वेळ लागतो. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात बरेच महिने टिकतात, म्हणून साधी चाचणी बाळाबद्दल खरे सांगत नाही. सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतल्या रक्ताचे थेंब खास कागदावर वाळवून प्रयोगशाळेत पाठवतात, आणि अंतिम निकाल अठराव्या महिन्यात. या अठरा महिन्यांत काय काय होते पाहा. नाव नोंदवले सासरच्या गावात, सातव्या महिन्यानंतर मुलगी बाळंतपणाला माहेरी. बाळंतपण तिसऱ्याच तालुक्यातल्या खासगी दवाखान्यात. बाळ तीन महिन्यांचे होऊन सासरी परतते, तोवर ऊसतोडीचा हंगाम आणि बिऱ्हाड कारखान्यावर. घरात नवऱ्याखेरीज कुणाला काही माहीत नाही, त्यामुळे फोन कुणाच्या हातात पडेल याची धास्ती. एका बाळाचा अठराव्या महिन्यातला निकाल नोंदवहीत चढतो तेव्हा त्यामागे दोन जिल्ह्यांतल्या समुपदेशकांची आपसातली कितीतरी बोलणी असतात. ‘गरोदर मातांच्या चाचण्या १०० टक्के’ ही ओळ त्यातले काहीच सांगत नाही. ‘अठरा महिने पूर्ण झालेल्या बाळांपैकी निकाल हाती असलेली किती’ ही ओळ सगळे सांगते.

जे घडले नाही, ते मोजायचे कसे?

चाचणीचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे टळलेला संसर्ग, आणि तो दिसत नाही. तो कसा मोजतात हे पाहण्यासाठी अमेरिकेतले एक उदाहरण घेऊ. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २००७ ते २०१० दरम्यान चाचण्या वाढवण्याची एक मोहीम चालवली. सुमारे २७ लाख चाचण्या, १८ हजारांहून अधिक नवी निदाने, खर्च १० कोटी डॉलरच्या थोडा वर. निदान कळल्यावर माणूस काळजी घेतो, उपचार घेतो, त्याच्यामुळे पुढे होणारे संसर्ग घटतात. याचा हिशेब करून अभ्यासकांनी सुमारे ३,४०० संसर्ग टळल्याचे मांडले. त्या ३,४०० जणांच्या आयुष्यभराच्या उपचारांचा वाचलेला खर्च धरला, तर गुंतवलेल्या प्रत्येक डॉलरमागे १.९५ डॉलर परत मिळाले.

हे गणित आपल्याकडे जसेच्या तसे उचलता येणार नाही. अमेरिकेत एचआयव्हीचे औषधोपचार अतिशय महाग, त्यामुळे टळलेला प्रत्येक संसर्ग डॉलरमध्ये मोठा दिसतो. आपल्याकडे भारतीय कंपन्यांच्या औषधांमुळे उपचार कितीतरी स्वस्त आहेत. मग वाचलेले रुपये कमी दिसतात आणि कार्यक्रम कमी फायद्याचा वाटतो. औषध स्वस्त केले ही चूक झाली, असा उलटा अर्थ त्यातून निघेल! म्हणून आपण मोजायची ती जगलेली, धडधाकट वर्षे. बत्तीस वर्षांच्या रिक्षाचालकाचे निदान वेळेत झाले तर त्याचे पुढचे आयुष्य जवळपास इतरांइतके असू शकते.

टळलेल्या संसर्गाला शास्त्रीय आधारही भक्कम आहे, आणि त्यात पुण्याचा वाटा आहे. एक जोडीदार बाधित आणि दुसरा नाही अशा १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत एक मोठा अभ्यास झाला. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्याच्या केंद्रांपैकी एक होती. औषधे लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असा त्याचा निष्कर्ष २०११ मध्ये जाहीर झाला.

हिशेब करताना एक सावधगिरी मात्र पाळावी लागते. आज केंद्रात सापडलेला माणूस केंद्र नसते तर कधीच सापडला नसता असे नाही. दोन-तीन वर्षांनी क्षयरोग होऊन, खंगून, तो दवाखान्यात आलाच असता आणि निदान झाले असते. चाचणीने त्याला दिली ती मधली वर्षे, आणि त्या वर्षांत त्याच्या बायकोला न झालेला संसर्ग. निदानाच्या वेळच्या सीडी४ पेशींना मी चौकटीत जागा दिली ती याचसाठी. नव्याने सापडणाऱ्यांमधली या पेशींची संख्या वर्षागणिक वाढत असेल तर माणसे लवकर सापडत आहेत.

उरलेल्या पावणेपाच लाखांपर्यंत

ज्यांना आपली स्थिती माहीत नाही ते बहुतेक शिबिराच्या मांडवात येत नाहीत. त्यांच्यापर्यंत जाण्याचा एक खात्रीचा रस्ता म्हणजे निदान झालेल्या माणसाच्या मदतीने त्याच्या जोडीदाराची आणि मुलांची तपासणी. हा रस्ता फार नाजूक आहे. उद्दिष्ट भरायचे म्हणून नावे काढून घेतली, घरी माणूस पाठवला, गल्लीत कुजबुज झाली, की पुढची दहा माणसे त्या खोलीची पायरी चढत नाहीत. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय चाचणी करायला आणि कुणाची स्थिती उघड करायला मनाई केली आहे. पैशाच्या हिशेबातही हा कायदा अडसर नाही, कारण ज्या केंद्रावर विश्वास आहे तिथेच लोक आपणहून येतात.

नुकतेच निदान झालेला नवरा पहिल्या भेटीत बायकोबद्दल बोलतच नाही. दुसऱ्या भेटीत रडतो. तिसऱ्या भेटीत विचारतो, “मॅडम, तिला मी कसं सांगू? तुम्ही सांगाल का?” या तीन भेटींतून एक चाचणी होते. तक्त्यात ती प्रति चाचणी खर्च वाढवणारी नोंद म्हणून दिसते, आणि काटकसर करायची वेळ आली की पहिली नजर समुपदेशकाच्या कंत्राटी जागेवर जाते. ती जागा सहा महिने रिकामी राहिली तरी चाचण्यांचा आकडा फारसा हलत नाही; तंत्रज्ञ किट लावतच राहतो. वाढते ती निदान होऊनही औषध सुरू न केलेल्यांची यादी आणि तपासणी न झालेल्या जोडीदारांची यादी. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत या दोन याद्या सगळ्यांत आधी वाचल्या जाव्यात, आणि केंद्राला पुढच्या वर्षीचा पैसा त्या किती आखूड झाल्या यावर मिळावा.